जयाबाईच्या अनंताचं पाणी

कल्लाप्पा रंगाऱ्याला पाण्यातलं काही कळत नाही असं वडगावात कुणी म्हटलं असतं, तर चारचौघांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. चौतीस वर्षं माणूस रंगाच्या शेडमध्ये उभा राहिलेला. रेशमाच्या लडी रंगवायच्या म्हणजे काय, नुसता रंग कालवायचा आणि लडी बुडवायच्या? छे! आधी पाणी वळवावं लागतं. बोअरचं पाणी जड. त्यात लडी तशीच सोडली की डाळिंबी रंगाचं भलतंच काहीतरी होऊन बसतं आणि मालक दिवसभर पाठीमागं लागतो. म्हणून पाण्यात ॲसिटिक ॲसिड टाकायचं, पीएचचा कागद बुडवायचा, कागदावर उमटलेला रंग डब्यावरच्या पट्टीशी ताडून बघायचा, परत थोडं टाकायचं, परत कागद. निळसर हिरवा कागद पोपटी झाला की मग रंग आत. कल्लाप्पा हे सगळं करायचा आणि कागद नसला तर जिभेवर थेंब ठेवून सांगायचा. सगळे त्याला मेस्त्री म्हणत, आणि त्या शब्दानं त्याची मान जरा ताठच राहायची.

घरात मात्र पाण्याचं खातं बायकोचं, जयाबाईचं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून परड्यात चार निळी पिंपं मांडलेली. कुठल्या पिंपातलं पाणी कशाला, हे तिला ठाऊक. हा सकाळी आठला जाणार, रात्री आठला येणार, आणि तांब्या हातात मिळाला की झालं. पाणी कुठून आलं हे विचारायची आपल्याकडच्या पुरुषाला कधी गरज पडते का?

परड्यातच, मागच्या खिडकीसमोर, जनावरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण होती. तळाला भोक पडलेली. त्या डोणीत जयाबाईचा अनंत. जयाबाई घाटातल्या कणकुंबीची. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत दोन लुगड्यांच्या मध्ये ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं ही फांदी आणली होती. सासूनं विचारलं, "माहेरासनं हेच आणलंस व्हय गं?" तर म्हणाली, "व्हय." दरवर्षी माहेरी गेली की येताना पोतंभर रानातला पालापाचोळा आणायची. यष्टीत कंडक्टर कटकट करायचा, ही ऐकून घ्यायची. पाला, शेणखत, कांद्याची सालं, सगळं त्या डोणीत. माती कशी झाली होती म्हणता? काळी, भुसभुशीत, बोट घातलं की दोन गांडुळं हाताला लागायची. रासायनिक खताचा दाणा तिनं कधी त्या मातीला दाखवला नाही.

वळवाचे दिवस आले की अनंत फुलायचा. पहिलं फूल तिच्या केसात. कल्लाप्पा जेवता जेवता म्हणायचा, "काय म्हातारे, फूल माळून कुठं निघालीस?" ती म्हणायची, "तुमच्या डोस्क्यातला ॲसिटिकचा वास जाऊ दे म्हणून माळलंय." एवढंच त्यांचं लाडीगोडीचं बोलणं. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी दोघं तेवढंच हसायची.

मग गेल्या दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, जयाबाई परड्यात पडली. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यात अठरा दिवस काढून घरी आणली. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, काळजी घ्या. कल्लाप्पानं काम सोडलं. मालकाला म्हणाला, "आता माझ्यानं जमायचं न्हाय." मागच्या खिडकीला लागून तिची बाज टाकली, म्हणजे दिवसभर तिला अनंत दिसेल. मुलगी पूर्णिमा निपाणीला दिलेली, तिथंच हायस्कुलात विज्ञान शिकवायची. ती दर शनिवारी शाळा सुटली की यष्टी धरून यायची आणि रविवारी संध्याकाळी डोळे पुसत परत जायची.

बाकीचे दिवस हा माणूस एकटा. भात शिजवायला शिकला. तिचं अंग पुसायला शिकला. वेणी घालायला मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, गाठच पडायची. आणि रोज सकाळी अनंताला तांब्याभर पाणी. दारातल्या पहिल्या पिंपातलं, म्हणजे गल्लीच्या बोअरचं. चौथं पिंप मागच्या खिडकीखाली अगदी कोपऱ्यात, झाकण लावून वर दगड ठेवलेलं. ते अडीअडचणीला भरून ठेवलंय, अशी त्याची समजूत. त्याला त्यानं हात लावला नाही. शहाणपणाच केला की!

संक्रांतीच्या सुमाराला अनंत पिवळा पडायला लागला. नवी पानं यायची तीच पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. गल्लीतली मालुबाई बघून गेली आणि म्हणाली, "झाडाला कळतंय बाबा. मालकीण पडली, आता त्येचा जीव लागंना." हे ऐकून कल्लाप्पानं वळून बघितलं. खिडकीतून जयाबाई बघत होती. त्याच वेळी त्यानं मनाशी धरलं, की काय वाट्टेल ते होऊ दे, ह्या साली अनंत फुलवायचा आणि पहिलं फूल आपल्या हातानं हिच्या केसात घालायचं. पुढचं देवाच्या हातात.

आणि तेव्हापासूनच जयाबाईनं तो हात करायला सुरुवात केली.

डावा हात तिचा चालायचा. अनंताला पाणी घालायची वेळ झाली की ती तो हात उचलायची, पंजाची वाटी करायची, आणि खिडकीकडं तिरका करून रिकामा करायची. मग परत. डोळे त्याच्यावर रोखलेले. घशातून कसलासा आवाज. कल्लाप्पा धावत पेलाभर पाणी आणायचा. "घे गं, पाणी पायजे न्हवं?" ती तोंड फिरवायची. तो पेला ठेवायचा, ती परत हात करायची. असं रोज. कधी कधी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ह्याला वाटायचं, घशाखाली उतरत नसेल बिचारीच्या.

पूर्णिमानं एका शनिवारी अनंताच्या पानांचे मोबाइलमध्ये फोटो काढून कुणाकुणाला दाखवले. रविवारी म्हणाली, "आप्पा, बोअरचं पाणी अल्कली असतंय. ह्या झाडाला आंबट पाणी लागतंय. पीएच साडेसहापर्यंत आणायला पायजे. शेडमध्ये करत होता न्हवं तुम्ही, तसंच."

कल्लाप्पाचा चेहरा तीन महिन्यांनी उजळला. पाण्याचं दुखणं आहे होय! मग त्याला कुणाच्या बापाची भीती? "पूर्णे, आता बघच तू," तो म्हणाला. सोमवारी शेडमध्ये जाऊन अर्धी बाटली ॲसिटिक आणि कागदाचा डबा मागून आणला. 

मंगळवारी सकाळी त्यानं बादली मांडली. आधी कागद बुडवला. निळसर हिरवा. हा बघ चोर, तो म्हणाला. थेंब थेंब ॲसिटिक टाकून, ढवळून, पाणी पोपटीवर आणलं. मग जयाबाईच्या खिडकीपाशी जाऊन तिला कागद दाखवला. "बघितलंस? तुझ्या अनंताचं पाणी वळवलं मी." ती कागदाकडं बघत राहिली. मग तिनं हात उचलला, वाटी केली आणि खिडकीकडं रिकामी केली. ह्यानं पेला आणला.

पंधरा-वीस दिवसांत खरंच फरक पडला. शेंड्याची चार पानं हिरवी निघाली. शिमग्याच्या आधी एक कळीसुद्धा धरली, गव्हाएवढी. कल्लाप्पानं पूर्णिमाला फोन करून सांगितलं, मालुबाईला बोलावून दाखवली, आणि जयाबाईला तर दिवसातून पाच वेळा. इथवर सगळं नीट होतं. इथंच थांबला असता तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

पण मेस्त्री तो मेस्त्रीच. शेडमध्ये नुसतं आत घातलेलं पाणी बघून चालत नाही, हौदातलं पाणी शेवटपर्यंत त्याच रंगावर राहिलं पाहिजे. म्हणून त्यानं डोणीच्या भोकाखाली वाटी ठेवली आणि पाझरलेल्या पाण्यात कागद बुडवला. हिरवा! आत पोपटी घातलेलं पाणी बाहेर येताना हिरवं. म्हणजे मातीनं परत फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पाणी आणखी उतरवलं, पिवळ्यावर आणलं. वाटीत परत हिरवा. कल्लाप्पाला चेव आला. चौतीस वर्षांत एकाही हौदानं त्याला असं उलट उत्तर दिलं नव्हतं. "मला शिकवतीस व्हय?" तो मातीला म्हणाला. रोज सकाळी ॲसिटिकचा डोस वाढत गेला. बादलीतला कागद पिवळ्याचा नारिंगी झाला. परड्यात शेडसारखा वास सुटला. खिडकीतून जयाबाईला तो वास यायचा आणि ती मान इकडून तिकडं हलवायची, हात करायची, वाटी, रिकामी, वाटी, रिकामी.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याचा तोल सुटला. रात्रभर तिला खोकला होता, ह्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी तिनं परत हात केला. ह्यानं पेला आणला. तिनं तोंड फिरवलं. आणि हा माणूस, ज्यानं आयुष्यात बायकोवर हात उगारला नाही, त्यानं पेला भिंतीवर फेकला.

"पाणी मागतीस, दिलं की तोंड फिरवतीस! मी काय करू गं? सांग की, काय करू?"

आता तिनं सांगायचं कसं? ती सांगतच होती की रोज. स्टीलचा पेला घरंगळत बाजेखाली गेला. जयाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग हात हळूच पोटावर ठेवला. त्या दिवसानंतर तिनं तो हात उचलला नाही. कल्लाप्पाला वाटलं, समजली बिचारी.

पाडव्याच्या दिवशी वाटीतला कागद पोपटी आला. अखेर! त्यानं कागद उन्हात धरून बघितला. जिंकला होता तो. मग त्याची नजर डोणीत गेली. मातीवर गांडुळं आली होती. दहा-बारा. काही पांढुरकी पडलेली, काही नुसतीच लांब पसरलेली. त्यानं काडीनं हलवून बघितलं, एकही वळवळलं नाही. त्या दिवशी त्यानं ती कागदात गोळा केली आणि गटारीत टाकली. दोन दिवसांनी कळी काळी पडून खाली आली. ती त्यानं उचलून सदऱ्याच्या खिशात लपवली, जयाबाईला दिसू नये म्हणून. आठ दिवसांत पानं करपून गळाली. फांद्या शेंड्यापासून खालपर्यंत वाळल्या. बाजेवर पडून ती हे सगळं बघत होती. मधे उभं राहून तो तिची नजर अडवायचा, पण माणूस किती वेळ उभा राहणार?

शनिवारी पूर्णिमा आली. डोणीपाशी वाकून तिनं माती चिमटीत घेऊन बघितली. मग म्हणाली, "आप्पा, मी नंतर वाचलं हो. आईची माती जिती हाय. अशी माती पाणी आपलं आपण सांभाळून घेती. पाझरलेलं पाणी हिरवं आलं म्हणजे ती तिचं काम करत होती. तिला हौदासारखं वळवायचं नसतंय." पुढं म्हणाली, "चूक माझी हाय. मीच सांगितलं न्हवं तुम्हाला."

"तू नुसतं पाणी वळवायला सांगितलंस," कल्लाप्पा म्हणाला. "मी माती वळवायला गेलतो."

चैत्र अर्धा संपला आणि जयाबाई गेली. दुपारी, भात भरवत असताना. केसात फूल नव्हतं. पूर्णिमानं निपाणीहून येताना बसस्टँडावरून मोगऱ्याचा गजरा आणला, तो घातला. कल्लाप्पा सदऱ्याच्या खिशात हात घालून ती वाळकी कळी तेवढी चाचपत राहिला.

घरातून माणूस गेलं की घरात साठवलेलं पाणी ओतून टाकायचं, अशी रीत. मसणातून मंडळी परत आली तेव्हा मालुबाई म्हणाली, "मेस्त्री, पिंपं उपडी करायला पायजेत." तीन पिंपं गल्लीतल्या माणसांनी ओतली. कोपऱ्यातलं चौथं कुणाला सरकेना, काठोकाठ भरलेलं. कल्लाप्पा स्वतः उठला. वरचा दगड काढला, झाकण काढलं, खांदा लावून पिंप कलतं केलं. भडाभडा पाणी परड्यातून बोळात, बोळातून गटारीत गेलं. जुन्या सवयीनं त्याचं लक्ष पाण्याकडं गेलं. स्वच्छ, पातळ पाणी. कडेला पांढरा क्षार बसलेला नाही. बोअरच्या पाण्यानं तर आठ दिवसांत पिंपाला पापुद्रा धरतो. हे त्याला दिसलं, पण अशा दिवशी माणूस दिसलेल्याचा विचार करतो का?

जयाबाईची धाकटी बहीण राजाबाई कणकुंबीहून आली ती दिवस होईपर्यंत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती परड्यात गेली आणि तिथूनच ओरडली, "दाजी! अनंताला काय झालं ओ?"

कल्लाप्पा उंबऱ्यात येऊन बसला. 

"आन् आक्काचं पिंप?" राजाबाईनं कोपऱ्याकडं बोट केलं. "रिकामं कसं?"

"कसलं पिंप?"

"अवं, पागोळीचं. अनंताचं." राजाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "तुम्हाला ठाव न्हाय? तुमच्या गल्लीची हीर बुजवून बोअर मारली न्हाय का, पूर्णीच्या लग्नानंतर? तवा झाड असंच पिवळं पडलं. आक्का म्हणाली, ह्येला बोअरचं पाणी मानवंना. मग पावसाळ्यात पत्र्याची पागोळी धरून पिंप भरून ठेवायची. दिवसाला तांब्याभर. पुढच्या मिरगापर्यंत पुरवायची. दुसऱ्या कशाला थेंब वापरत नव्हती. माझ्या पोरांनी एकदा पाय धुतलं तर कसली भांडली माझ्याशी!"

ह्याला आठवलं. बारा वर्षांपूर्वी जयाबाई जेवायला वाढताना म्हणाली होती, "बोअरचं पाणी अनंताला मानवत न्हाय बघा." आणि हा हसला होता. "पाणी ते पाणी. एवढी वर्षं पाण्यात उभा हाय मी, आता तू मला शिकवतीस?" ती त्यावर परत कधी बोलली नाही. पत्र्याखाली पिंप सरकवून मोकळी झाली.

मग त्याला हात आठवला. वाटी, रिकामी. वाटी, रिकामी. खिडकीकडं. खिडकीखाली कोपऱ्यात चौथं पिंप. अडीच महिने, रोज, एका हातानं ती सांगत होती, की अवं, त्यातलं घाला. आणि ह्यानं तिच्या तोंडाला पेला लावला. आणि शेवटी तो पेला भिंतीवर मारला.

"दाजी, काय झालं?" राजाबाई घाबरली. "पाणी देऊ?"

"नको," तो म्हणाला. "पाणी नको."

तो उठला. पिंप आडवं पडलं होतं तिथं जाऊन गुडघ्यावर बसला आणि आत हात घातला. पिंप आडवं पडलं तरी पोटाशी थोडं पाणी राहतंच. ओंजळभर असेल. त्यानं आत जाऊन कागदाचा डबा आणला. डब्यात शेवटचे दोन कागद होते. एक बुडवला, बाहेर काढला, पट्टीशी धरला.

पोपटी. ज्या रंगासाठी त्यानं बाटली संपवली, तो रंग, एक थेंबसुद्धा न टाकता.

राजाबाईनं बघितलं की दाजी ओला कागद दोन बोटांत धरून घरात गेले. बाज बाहेर काढून टाकली होती, खिडकीखाली नुसती सारवलेली जमीन आणि एक दिवा. तिथं ते खाली बसले. कागद दिव्यापुढं धरला, जसा दोन महिन्यांपूर्वी तिला दाखवला होता तसा.

"व्हय गं जया," कल्लाप्पा म्हणाला. "कळलं. आत्ता कळलं."

मग तो हुंदके देऊन रडला. ती गेली त्या दिवशी रडला नव्हता, तो आज रडला. राजाबाई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, आणि तिला वाटत होतं, दाजी झाडासाठी रडतायत.

पिंपातलं ओंजळभर पाणी त्यानं संध्याकाळी वाटीत काढून घेतलं आणि डोणीत ओतलं. माती ते पिऊन गेली. अनंताची वाळकी काठी त्यानं उपटली नाही. पिंप परत सरळ करून पत्र्याच्या कडेखाली नेऊन ठेवलं, वर झाकण न लावता. पावसाला अजून दीड महिना होता.